उंद्रीच्या मामींची तालीम

आमच्या भागातल्या एखाद्या शाळकरी पोरीने भर लग्नात कुणा मोठ्या माणसाला शांतपणे 'नाही' म्हटलं आणि वर त्याला चहा हवा का तेही विचारलं, तर ती उंद्रीच्या मामींच्या हाताखालून गेली आहे असं खुशाल समजावं. मामी म्हणजे माझ्या बायकोच्या मामी, चिखलीकडच्या उंद्री गावात राहणाऱ्या. शेती मुलगा बघतो, घर सून बघते आणि मामी गावातल्या पोरी बघतात. रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर तालीम चालते. दहा-बारा वर्षांच्या पोरीला ज्या ज्या प्रसंगी जमीन दुभंगून आत जावंसं वाटतं, ते सगळे प्रसंग मामी तिथे आधीच घडवून आणतात. "अचानक आलं की माणूस घाबरते. घरी एकडाव घडून गेलं की ते शिळं होते," हा त्यांचा सिद्धान्त.

या तालमीत नकोशा माणसांची सोंगं सगळी मामा करतात. म्हशीला 'सरक' म्हणतानाही ज्यांना संकोच वाटतो, ते आमचे मामा. गाल ओढणारे पाहुणे मामा, पोरीने बाहेर जायची परवानगी मागितली की सगळ्या वर्गासमोर कारण विचारणारे मास्तर मामा, 'उन्हात हिंडून काळी पडली वं' म्हणणारी शेजारीणही डोक्यावर टॉवेल घेऊन मामाच. पण समोरची पोर "गाल ओढू नका, मले दुखते," म्हणाली की ते लगेच "बरं माय, चुकलं," म्हणून मोकळे. मग मामी कपाळाला हात लावतात. "अहो, इतक्या लवकर हार मानू नका जी. खरे पाव्हणे इतके चांगले नसतात."

मामींचा खरा राग मेडिकलवाल्यांवर. बायकांच्या पॅडचा पुडा हे लोक आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत गुंडाळून असा देतात, की पलीकडचा माणूस आपला खोकला विसरून पिशवीकडे बघत राहतो. तालमीत मामांनीही सवयीने आवाज खाली आणला, तेव्हा मामी कडाडल्या, "हळू काऊन बोलता? औषध इकता का गांजा?" पुढच्याच आठवड्यात त्यांच्या एका शिष्येने चिखलीच्या दुकानात इतक्या खणखणीत आवाजात पुडा मागितला, की रांगेतले दोन सद्गृहस्थ काही न घेताच बाहेर पडले.

कधी औषधाचा डोस जास्तही होई. एका पाहुण्याने "किती टक्के पडले वं?" असं विचारल्यावर एका पोरीने उलट विचारलं, "तुमच्या पोराले नोकरी लागली का?" दोन्ही घरांचा चहा बंद झाला. मामींचा निकाल एवढाच : "जबाब बराबर होता, पहिल्याच चेंडूवर द्यायचा नव्हता."

हे सगळं मी ओसरीच्या कडेला बसून, गालातल्या गालात हसत पाहत असे. माझी मुलगीही त्या तालमीत होती. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला सभ्यपणा म्हणत आणि मी म्हणू देत असे.

मग नवरात्रातली अष्टमी आली. गावातल्या एका मोठ्या घरी कुमारिकांना जेवायला बोलावतात. पाटावर बसवतात, पाय धुतात, कुंकू लावतात, खीर वाढतात. बायकोला ताप होता, म्हणून मुलीला घेऊन मी गेलो. सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं. घरच्या काकू परात घेऊन पाटापाटाने येत होत्या. माझ्या मुलीपाशी थांबल्या, तिला खालून वर न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून भर बैठकीत म्हणाल्या, "ही तं उंच झाली. हिचं सुरू नाही ना झालं अजून? नाही, देवीचं काम हाय म्हणून इचारते."

देवीला अकरा वर्षांच्या पोरीचा इतका तपशील लागतो हे मला नवीन होतं. पण मी ते म्हणालो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

बैठक हसली. माझी मुलगी पाटावरून उठली, ओल्या पायांनी बाहेर गेली. फरशीवर तिच्या पावलांचे ठसे राहिले, तेवढे ओलांडून मी मागे गेलो. वाटेत मी विचारलं, "अवं, मामींनी शिकवलं होतं ना? बोलली काऊन नाहीस?"

"मले येत होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, बाबा बोलतीन."

त्यानंतर ती माझ्यासोबत कुठेही यायची बंद झाली. गाडीवर शाळेत सोडतो म्हटलं, तर "मी पायी जाते." जेवताना आईच्या पलीकडे बसे. मी सभ्यपणे गप्प.

मामींना कळलंच. त्यांनी मला एका शब्दानेही रागे भरलं नाही. फक्त रविवारी ओसरीवर म्हणाल्या, "या जवाईबापू. आज मामाले सुट्टी. तुम्ही बाप व्हा."

परात घेऊन मामी स्वतः काकू झाल्या. माझी मुलगी नाइलाजाने पाटावर बसली. तोच प्रश्न, तोच सूर. मी शर्टाचं बटण चाचपलं. मामी पुन्हा परात घेऊन आल्या. मी खोकलो. मुली कंटाळल्या. तेव्हा कोपऱ्यातून मामा हळूच म्हणाले, "जवाई, इतक्या लवकर हार मानू नका जी."

मी म्हणालो, "काकू, हे चारचौघांत विचारायचं नसते. तिले जेवायला बोलावलं, तं जेवू घाला."

"ऐकू नाही आलं," मुलगी पाटावरूनच म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मुलगी हसली नाही, पण परतताना माझ्या गाडीवर बसली.

पुढे वर्षभर ते वाक्य मी आंघोळ करताना, गाडी चालवताना घोकत होतो. परवा चिखलीच्या स्टॅण्डवर त्याच काकू भेटल्या. माझी मुलगी आता माझ्या खांद्याला लागते. काकूंनी तिला न्याहाळलं आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय वं, झाली का आता मोठी?"

मी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात मुलगी नम्रपणे म्हणाली, "काकू, ते मी माह्या आईसंग बोलते. तुमची गाडी लागली."

काकू गाडीकडे धावल्या. माझं वाक्य तसंच तोंडात राहिलं. ते आता कुठे वापरू कळत नाही. मुलीला त्याची गरज उरलेली नाही. फक्त बोलायच्या आधी तिने एकदा बाजूला पाहिलं होतं, मी आहे का ते. मी होतो.