हरकत असल्यास पंधरा दिवसांत

नववीला मी निबंध दिला होता, 'माझ्या गावाचा वारसा'. शाळेचं गाव सांगली जिल्ह्यातलं, मी साताऱ्याची, आणि इतिहास शिकवते म्हणून जरा जास्तच ताठ. एका मुलीने लिहिलं, 'आमचा वारसा अजून लागला नाही. आजोबा वारले, पण चुलत्याने हरकत घेतली आहे.'

मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. सगळे हसले, मीही हसले. ती मात्र मान खाली घालून बसली. तिच्या घरी वारसा म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागणं, दुसरा अर्थ तिच्या कानावर पडलाच नव्हता. हे मला घरी गेल्यावर कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्ग घेऊन गावामागच्या बारवेवर गेले. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची जुनी दगडी विहीर. आता प्लास्टिक आणि निर्माल्याने गळ्यापर्यंत भरलेली. गाड्या लावायला जागा हवी म्हणून पंचायत ती मुरूम टाकून बुजवणार होती. ग्रामसभेची मंजुरी तेवढी बाकी होती.

"हासुद्धा वारसाच," मी म्हटलं. "तुमच्या खापरपणज्यांनी बांधून तुम्हाला ठेवलेला."

ती मुलगी काठावरून आत वाकली. मग म्हणाली, "मग बाई, ह्येला आमची नावं का लावली न्हाईत?"

उत्तरही तिनेच काढलं. आईबरोबर तलाठ्याकडे खेपा घालून तिला सगळी रीत पाठ झाली होती. तिने पंचायतीला अर्ज लिहिला: बारवेला वारस म्हणून खालील विद्यार्थ्यांची नोंद व्हावी. खाली अख्ख्या वर्गाची नावं. पारावर नोटीस चिकटवली: कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

गाव हसलं. पण वीतभर बांधासाठी भाऊ भावाला कोर्टात ओढतो तिथे अशी नोटीस न वाचता कोण पुढे जाईल? मुलं शाळा सुटली की घमेली घेऊन बारवेत उतरत होती. एकेक पायरी उघडी पडायला लागली, तशी म्हातारी माणसं काठावर येऊन बसू लागली. फौजेतून निवृत्त झालेले एक आजोबा दोर घेऊन आले आणि पोरांवर कवायतीसारखे ओरडू लागले.

ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "पोरी, विहीर पंचायतीची हाय. तिला वारस कसला लावतीस?"

"आवं आबा, नका लावू," ती म्हणाली. "पर पंधरा दिस झालं. हरकत कुणाची हाय, तेवढं सांगा."

फौजी आजोबा उठले. "माझी न्हाई." मागून एक बाई म्हणाली, "माझीबी न्हाई." मग हातच हात वर झाले. सरपंच पक्के मुरलेले; वारा ओळखून म्हणाले, "मग माझी तरी कशाला आसंल? गाड्या लावू शाळंमागं." मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं, आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली, तिला हसले होते त्याबद्दल. तिने अर्जाची प्रत पुढे केली. यादीत शेवटी माझं नाव होतं.

"मी कुठली इथली?" मी विचारलं.

"लेकींचीबी नावं लागत्यात, बाई."

माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर मी केव्हाच सही करून आले होते; तुला वाटा हवाय का, असं कुणी विचारलंही नव्हतं. त्या यादीतलं माझं नाव मी तिथेच, रस्त्यात उभी राहून, दोनदा वाचलं.