लाल रुमाल आत घे!

मंडळी, आमच्या घरात लाल कपडा रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालत नाहीत. मला वाटायचं, देवाधर्माचं काहीतरी असेल. आज खरं कारण कळलं.

माझी मुलगी अन्वी इटलीत शिकते, एमिलिया-रोमान्या प्रांतात. सुट्टीसाठी डोंबिवलीला आलीये. सकाळी तिने लाल रुमाल गॅलरीत वाळत घातला. माझी पंच्याऐंशीची आत्या काठी टाकून धावली. "आत घे तो! कोणीतरी बघेल!"

मग तिने सांगितलं. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, दुसऱ्या महायुद्धात त्याच प्रांतात लढलेले. जर्मनांशी लढणाऱ्या तिथल्या लाल बावटेवाल्यांनी त्यांना असाच रुमाल दिलेला. कल्याणला परतल्यावर ते न्हाव्याच्या दुकानात कौतुकाने सांगायचे, तिकडे आता लाल बावटेवाले निवडून येऊन गावं चालवतात. इथे तर स्वातंत्र्यानंतर त्यांचीच धरपकड चाललेली. एक दिवस तो रुमाल दोरीवर दिसला आणि साध्या कपड्यातले पोलीस आजोबांना घेऊन गेले. काही महिन्यांनी सोडलं, पण आजोबा पुन्हा त्या दुकानात बसले नाहीत.

"आजी, तिथे प्रांताचं सरकार अजून डाव्यांचंच असतं," अन्वी म्हणाली. "कोणी घाबरत नाही गं."

"हळू बोल. आधी खिडकी लाव."

मी हसले. पण आत्ता हे लिहिताना त्या लाल बावट्याच्या पक्षाचं नाव टाइप केलं, मग ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते बघितलं आणि पुसून टाकलं.

तुम्ही ठेवलं असतंत?