मागून कोरी अंगठी

सोमवार, बाजार आटोपल्यानंतरची दुपार. ठिकाण मंगरूळपीरमधलं सोनाराचं दुकान. हजर: दुकानाचा तरुण मालक, भाजीवाले भाऊ, त्यांच्या पिशवीतली मेथीची जुडी आणि मी.

मेथीला हजेरीत घ्यावंच लागतं, कारण निकाल तिनं दिला.

आमच्या गल्लीत त्यांना सगळेच भाऊ म्हणत. गावाजवळच्या मळ्यातली भाजी ते मोटरसायकलवर क्रेट बांधून आणत. वांग्याचा भाव विचारला की आधी वांगं तुमच्या हातात ठेवत. "हाती त घ्या आधी, मंग बोलू." असा भाजीवाला तुमच्याही ओळखीचा असेल. आमचे भाऊ मात्र हा नियम सगळ्यालाच लावत. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाच्या हाती आधी फावडं दिलं होतं, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगत.

अंगठीचा विषय सुनेमुळे निघाला. तिच्या बोटात सगळ्या बाजूंनी खडे असलेली अंगठी होती. वहिनींनी सुनेचा हात धरून ती फिरवून फिरवून पाहिली, आणि तसं पाहताना भाऊंनी वहिनींना पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती.

"पन तिले देल्लेलं सारं कपाटात जाते, ताई," ते मला म्हणाले. "कानातले कपाटात, भारीचं लुगडं कपाटात. ही मले बोटात दिसली पाह्यजे. तुमी चाला संग, तुमाले समजते."

मला दागिन्यातलं काही समजत नाही. मी याद्या करते, त्यावरून लोकांचा तसा समज होतो.

मालकानं तीन नमुने मांडले. "याला इटर्निटी रिंग म्हणतात, काका. हिला सुरुवात नाही, शेवट नाही."

"म्हंजे ना मुंडकं ना शेपूट. दे इकडं."

पहिलीत बारीक पंजांनी खडे वर उचलून धरले होते. चमक हिचीच सगळ्यात जास्त. भाऊंनी ती करंगळीत अडकवली, पिशवीतून मेथी काढली, जुडी सोडली आणि सुतळीनं पुन्हा बांधायला घेतली.

"काका, हे काय करून राह्यले?"

"आमची बुढी दिवसभर हेच करते. मंग अंगठीले काय सुट्टी देवाव का?"

दोन पानं पंजांत अडकली, सुतळीचा धागा ओढला गेला. अंगठी परत.

दुसरीत प्रत्येक खड्याभोवती सोन्याची वेगळी कड होती. अडकलं काही नाही, पण दोन कडांमधल्या फटीत नख घालून भाऊ म्हणाले, "इथं चिखल बसन. तिनं काय काडी घिऊन कोरत बसाव?"

तिसरीत सोन्याच्या दोन भिंती आणि त्यांच्या मध्ये एका ओळीत बसलेले खडे. मेथी सरळ निघाली. भाऊ खूश झाले. "हे पाहा ताई. दोन्हीकून धुरे अन् मंधातून पानी." शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात.

मग मालकानं एक गोष्ट आधीच सांगून टाकली: खडे अंगठीच्या सगळ्या बाजूंनी बसवलेले असले तर ती पुढं मोठी करता येत नाही.

भाऊंनी अंगठी उलटी करून पाहिली. वहिनींची बोटं हिवाळ्यात सुजत, पेरं जाड होत चालली होती.

"मंग मागून खडे नको. तेवढी जागा कोरी ठेव."

"पण काका, मग ती इटर्निटी कुठली? अर्धीच."

"अरे, पुढच्या साली बोटात नाई गेली त सारीच कपाटात जाईन. मागून कोन पाह्यते?"

वहिनींनी अंगठी पाहिल्यावर आधी शिव्या दिल्या. "कायले आनली? म्हातारचळ लागला काय तुमाले?"

"हाती त घे आधी."

पुढच्या बाजारात मी गेले तेव्हा वहिनी पालकाच्या जुड्या लावत होत्या. अंगठी बोटात होती आणि चिखलानं खडे दिसतही नव्हते. भाऊ शेजारी बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला विनाकारण सांगत होते, "पालक तिच्या हातून घ्या."

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते चहाला उठले नाहीत. नंतर बायकांनी वहिनींच्या बांगड्या काढल्या. नणंदेनं अंगठीलाही हात घातला, तेव्हा वहिनींनी मूठ मिटली. "हे राहू द्या बाई. हिच्यानं काम अडत नाई."

आता भाजी मुलगा आणतो, विकायला वहिनी बसतात. बोट सुजलं आहे आणि अंगठी मांसात रुतायला लागली आहे. साबण लावून आज ती निघेल. आणखी उशीर केला तर कापावी लागेल. मोठी करून द्यायला सोनार चार दिवस मागतो. वहिनी "पुढच्या आठवड्यात" म्हणतात, कोणत्या ते सांगत नाहीत.

आज मी पुन्हा विचारलं. त्यांनी दुसऱ्या हातानं अंगठी झाकली. "चार दिवस हात रिकामा ठेवू का, ताई?" म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत कोथिंबीर माझ्या पिशवीत टाकली. "सांभार विसरल्या तुमी."

या आठवड्याची कामं: गॅसचा नंबर लावला, लाइटबिल भरलं, पुतण्याचा दाखला आणला. वहिनींना सोनाराकडे न्यायचं राहिलं आहे.