मंगळवार पेठेत, आबांच्या शेंदराचा फोटो काढायला

सुट्टी मिळाली ती आबा जाऊन पाच महिने झाल्यावर. आबा म्हणजे माझे वडील. मी मस्कतला एसीचे डक्ट बसवतो. मातीला पोचता आलं नाही. आई आता इचलकरंजीला ताईकडं असते, गुडघ्यानं अधू झालीय. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "पेठेत जा. मारुतीचा फोटू काढून आण. त्यांचा हात हाय त्याच्यावर."

आबांनी तीस वर्षं दर शनिवारी आमच्या तालमीतल्या मारुतीला शेंदूर लावला. तेलात कालवायचा, अंगठ्यानं थापायचा. थरावर थर चढून मारुती नुसता गोल झालता. आबांच्या हातचं एवढंच उरलं होतं. तेवढं घेऊन जायचं, म्हणून निघालो.

पहिली एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर लवकर जा. स्टँडवरनं रिक्षानं पेठ जवळच आहे. ऊन तिरकं असतं तोवर दगडाची नक्षी उठून दिसते, नंतर सगळं सपाट. माझा कॅमेरा रूमवरच्या फिलिपिनो पोराकडनं घेतलेला, जुना. आठवी नापास माणसाला त्यातलं जेवढं कळतं तेवढं सांगतोय.

आधी जैन बस्ती, म्हणजे जैनांचं देऊळ. समोरचा मानस्तंभ अख्खा फोटोत बसेना, म्हणून फरशीवर उताणा झालो. झाडणारे काका ओरडले, "झोप खुशाल, पर पाय देवाकडं नकोत!" पुढं बोळात छोटा दर्गा, त्याला लागून गणपतीचं देऊळ, बाथरूमच्या फरश्या लावलेलं. दोघांच्या डोक्यावरनं केबलच्या त्याच वायरी. वायरी चुकवायचा नाद सोडला, तेव्हा कुठं फोटो बरे आले.

मिसळ खाल्ली. कट मागाल तेवढा वाढतात.

बाहेर पायरीवर एक म्हातारी लसूण सोलत होती. "कुठल्या चॅनलचं पावणं?"

"न्हाय मावशी, इथलाच हाय."

"मग कुणाचा रं तू?"

आबांचं नाव सांगितलं. लसूण सुपात टाकून ती म्हणाली, "शेंदूरवाल्याचा व्हय? मग मातीला का न्हाई आलास?"

"रजा दिली न्हाय, मावशी."

"मरणाला रजा लागती व्हय रं?" म्हणाली, आणि परत लसूण सोलायला लागली.

तालमीत पोचलो. वस्ताद ओळखून हसले, हाताला धरूनच आत नेलं. "बघ की! कसला देखणा निघालाय!"

समोर काळा दगड. सडपातळ, कोवळ्या तोंडाचा मारुती, कानात कोरलेली कुंडलं.

"शेंदूर कुठाय, वस्ताद?"

"मागल्या महिन्यात तडा गेलता. सगळी खोळच सुटली. हलगी लावून नेली, पंचगंगेत सोडली. आता तेलच लावायचं ठरलंय. काढ फोटू, आता खरा निघंल."

वस्तादांना कसं सांगणार? शनिवारी आबा व्हिडिओ कॉल लावायचे आणि फोन मारुतीपुढं धरायचे. "आधी ह्याचं दर्शन घे." मी वैतागायचो, "आबा, तुमचं तोंड दाखवा की, माझा ब्रेक संपतोय." एवढ्या शनिवारांत एकदासुद्धा स्क्रीनचा फोटो काढून ठेवला नाही. आता शेंदूरही नाही, तोंडही नाही.

त्या काळ्या दगडाचा एक फोटो काढला. घाईत जरा हललाच.

घरी फोटो फोनवर घेतला. आईनं चष्मा लावून फोन जवळ धरला. "हा कोण?"

सगळं सांगितलं. वाटलं, रडंल. ती बोटानं मारुतीचा गाल मोठा करून बघत बसली. मग म्हणाली, "तीस वर्षं हात फिरवला, पर त्यांनी बी हे तोंड कधी बघितलं न्हाय."

पुसून टाकू का म्हणालो, तर हात धरला. "मोठा करून आण. त्यांच्या फोटूच्या समोरच्या भिंतीला लाव. बघू दे त्यास्नी."

निघायच्या आदल्या दिवशी खिळा मारून आलो. आता मस्कतला रूमवर लोक मंगळवार पेठेचे फोटो बघतात, झकास म्हणतात. मानस्तंभ सगळ्यांना आवडतो. मारुतीचा फोटो मी दाखवत नाही. हललेला आहे, आणि तो आई-आबांचा आहे.