हरलेल्या रातकिड्याला धीर देताना

घरातल्या दोघांची जोरदार मारामारी व्हावी म्हणून देवापुढे नारळ ठेवणारा भोईवाड्यातला मी एकमेव बाप असेन.

आमची मुग्धा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. त्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल होतं. सरांसमोर दोन नर रातकिडे भांडवून दाखवायचे. नाही भांडले तर मार्कांच्या नावाने बोंब! दोघांचा मुक्काम आमच्या ओट्यावर, श्रीखंडाच्या वेगवेगळ्या डब्यांत.

"बाबा, त्यांना एकत्र आणू नकोस हं," असं बजावून ती आंघोळीला गेली. मला मात्र राहवेना. (आमच्या चाळीत कुणी एकटं बसलेलं दिसलं की आम्ही चहा घेऊन जातो!) म्हटलं, घटकाभर गप्पा मारू देत बिचारे. एकाला उचलून दुसऱ्याच्या डब्यात सोडला.

मिशीला मिशी लागली मात्र, दोघांनी जबडेच वासले! ढकलाढकली, चावाचावी! बघता बघता एक पळून कोपऱ्यात बसला आणि दुसरा पंख वर करून किर्रर्र किर्रर्र सुरू. ते ऐकून मुग्धा ओल्या केसांनी धावत आली.

"बाबा! अरे, हा हरला! हरलेला आता तासन्‌तास भांडत नाही!" तिचे डोळे भरलेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उपाय काय गं?"

"त्याला हवेत उडवायचं. उडाला की हरलेलं विसरतो."

मी लगेच त्याला घेऊन गॅलरीत. उडव, झेल. उडव, झेल.

"काय उडवतास ओ सकाळीच?" शेजारच्या सावंतकाकूंनी दारातून विचारलं.

"रातकिडा. धीर देतोय त्याला."

धीर जरा जास्तच झाला. पुढच्या खेपेला स्वारी थेट काकूंच्या स्वयंपाकघरात! काकू झाडू घेऊन मागे, त्यांच्या मागे मी, लुंगी सावरत.

"काकू, मारू नका! पोरीचे मार्क आहेत ते!" असं ओरडत मी त्यांच्या फरशीवर आडवाच पडलो. शेवटी गडी तांदळाच्या डब्यामागे सापडला, माझ्यापेक्षा कितीतरी ताजातवाना. मुग्धा त्याला घेऊन कॉलेजला पळाली आणि मी नारळ शोधायला लागलो.

संध्याकाळी ती हसतच घरात शिरली.

"भांडले?"

"जाम भांडले! मग सरांनी विचारलं, नर रातकिडे कशामुळे पेटतात? मी सांगितलं, जागेवरून, मादीवरून आणि मिशीला मिशी लागली की. सर म्हणाले, आणखी एखादं कारण?"

"मग?"

"म्हटलं, आमचे बाबा."

आणि सरांनी त्याचेही मार्क दिले!