दिसेनासे वासुराव

वासुराव गेल्याची बातमी मला माझ्याच आवाजात कळली. वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, पण चेन्नईत एके काळी टीव्हीवर माझा म्हणून जो आवाज लोकांना ठाऊक होता, तो खरा सरसाक्काचा, म्हणजे वासुरावांच्या बायकोचा. त्या सकाळी अड्यारच्या आमच्या घरी फोन वाजला, मी उचलला, आणि तो आवाज म्हणाला, "नलिनी, हे गेले गं." एवढंच. डबिंगच्या खोलीत कधी अक्षर न चुकलेली बाई, पण तिला पुढचं वाक्य सापडत नव्हतं. याला आता महिना उलटून गेला. मला अजून वासुरावांबद्दल भूतकाळात लिहायला जड जातंय, पण लिहिते.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे चेन्नईत आले आणि इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका नाटकात सुनेचं काम केलं. ते बघायला आलेल्या एका तमिळ दिग्दर्शकाला माझा चेहरा थेट मैलापूरच्या घरंदाज बाईचा वाटला. मला तमिळमध्ये पाणी मागता येत होतं आणि पुरे म्हणता येत होतं, बाकी आनंदच. "आवाज दुसऱ्याचा घालू," म्हणून त्यानं माझी शंका झटकून टाकली. मालिका विनोदी आणि थोडी जादूची होती. एक कारकून नवरा रोज कुरकुरतो, "या घरात मी कुणाला दिसतच नाही," आणि एका तिन्हीसांजेला वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. झालं! नवरा दिसेनासा. उरतो तो फक्त आवाज, आणि तोही एकट्या बायकोला ऐकू येणारा. मग हवेत तरंगणारा काफीचा टंब्लर, आपोआप चिरली जाणारी भेंडी, 'हे गावाला गेलेत' म्हणून सासूला मारलेल्या थापा... प्रत्येक भागाच्या शेवटी नवरा विचारायचा, "तेरियरेना?" दिसतोय का मी? आणि बायको सुस्कारा टाकून म्हणायची, "तेरियल्ले." नाही दिसत. अगदी शेवटच्या भागात मात्र तिनं "तेरियरींग" म्हणायचं होतं, दिसताय म्हणायचं होतं, आणि त्या शब्दासरशी नवरा परत दिसू लागणार होता. तो नवरा म्हणजे आमचे वासुराव.

वासुराव तंजावरी मराठी. मैलापूरच्या देवळामागच्या गल्लीत त्यांचं जुनं घर होतं. त्यांच्या मराठीला मी हसायची आणि माझ्या मराठीला ते. "तुमची मराठी पेशव्यांची, बाई, आमची भोसल्यांची. थोरली कोणची ते तुम्हीच सांगा!" त्यांचा आवाज मात्र असा की ऐकत राहावं. आयुष्यभर त्यांनी तो दुसऱ्यांना दिला होता. नायकांना, खलनायकांना, एका कार्टूनमधल्या सिंहालासुद्धा. चेहरा दाखवायची संधी पन्नाशीत, या मालिकेतच पहिल्यांदा आली, आणि तीही पहिल्या भागाचा पूर्वार्ध आणि शेवटचा भाग एवढीच. मधल्या भागांसाठी त्यांना सेटवर यायचं कारणच नव्हतं. तरी हा गृहस्थ रोज हजर. एक तीन पायांचं स्टूल, त्याला ते मुक्काली म्हणत, कॅमेऱ्याशेजारी ओढून बसायचे आणि स्वतःची वाक्यं बोलायचे. मी एकदा विचारलंच, "कशाला एवढी यातायात?" तर म्हणाले, "भिंतीकडं बघून भांडणं कोणास येतं, बाई? मी हिंगा बसतों, मजकडं बघा." हिंगा म्हणजे इथं. म्हणून तर माझ्या त्या डोळ्यांचं कौतुक झालं. लोक म्हणायचे, हिला तो खरंच दिसतोय असं वाटतं. अहो, दिसतच होता!

आणि माझ्या तोंडी आवाज सरसाक्काचा. तीही डबिंगवालीच. दोघांची ओळख, लग्न, भांडणं, सगळं माइकसमोरचं. एकदा हौसेनं मी त्यांचं काम बघायला गेले. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर माझा चेहरा, आणि ही दोघं एका माइकपाशी खेटून उभी. सकाळी घरी अर्धवट राहिलेलं भांडण तिथं पुरं होत होतं. चष्मा कुठं ठेवलात, नळ बंद केलात का, हे कुणी लिहिलेलंच नव्हतं, पण माझ्या ओठांत ते बेमालूम बसवलं जात होतं. सरसाक्काची नजर माझ्या ओठांवर आणि वासुरावांची नजर तिच्यावर. पडद्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की लोक दर आठवड्याला ज्या नवरा-बायकोवर जीव टाकतात ती ही दोघं आहेत. मी आपली त्यांना चेहरा उसना देणारी.

एक गोष्ट मात्र सरसाक्काला फार लागली होती. पहिला भाग लागला त्या दिवशी ती तंजावरला भाचीच्या लग्नात होती, आणि नेमकी तिथं वीज गेली. उभी गल्ली नवऱ्याला टीव्हीवर बघून मोकळी झाली आणि हिनंच काय ते बघितलं नाही. "असू दे," वासुराव म्हणाले, "शेवटचा भाग आहेच." तेव्हापासून तिनं तो शेवटचा भाग देवाला बोललेल्या नवसासारखा जपला. त्या दिवशी कुणाकुणाला बोलवायचं, कुठली साडी नेसायची, सगळं ठरलं होतं. आणि एका सकाळी वासुराव सेटवर केस काळे करून आले. काळेभोर, कानाच्या पाळीलासुद्धा रंग लागलेला. शेवटच्या भागाचं चित्रीकरण आठवड्यावर आलं होतं आणि रंग कसा दिसतो ते आधीच बघावं, असा त्यांचा विचार. आम्ही सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. दुपारी दिग्दर्शक आत आला आणि म्हणाला, बांधाबांध करा, वाहिनीला या वेळेवर कसलासा बक्षिसांचा खेळ लावायचाय. आजपासून बंद. वासुराव मुक्कालीवरच बसले होते. थोड्या वेळानं हसून म्हणाले, "वास्तुपुरुष लईच खरा निघाला, बाई." आणि खिशातून रुमाल काढून कानाचा रंग पुसायला लागले... तो काही निघेना. ते पुसत राहिले. मी तोंड फिरवून रडले.

घरी जाताना त्यांनी एवढंच केलं, ती मुक्काली मागून घेतली. ती त्यांच्या घरात दारासमोर राहिली. पुढे मी कितीदा तरी त्या घरी गेले असेन. भाजीबाजारात बायका मला ओळखायच्या आणि वासुरावांना धक्का देऊन पुढे जायच्या, मग ते भाव विचारायचे आणि तो आवाज ऐकून त्याच बायका दचकून वळायच्या. घरी पोचले की ते चपला काढून मुक्कालीवर बसत आणि आत ओरडत, "तेरियरेना?" स्वयंपाकघरातून सरसाक्का मान न वळवता, "तेरियल्ले!" वर्षानुवर्षं हाच खेळ. एकदा मी म्हटलं, "अगं, एकदा तरी हो म्हण त्यांना." तर डोळे मिचकावून म्हणाली, "ते शेवटल्या भागास ठेवलंय."

अखेरच्या आजारात हॉस्पिटलमध्ये मी भेटले तेव्हा त्यांच्या घशात नळी होती. आवाज बंद. ज्या माणसाचा नुसता आवाजच जगाला माहीत, तो आता नुसताच दिसत होता. मी उभ्या उभ्या दोन शब्द बोलले आणि पळून आले. नंतरचं सरसाक्कानं सांगितलं, तेराव्यानंतर. शेवटल्या संध्याकाळी त्यांनी ओठ हलवले. नर्सला काही कळलं नाही. पण जन्मभर ओठ वाचूनच पोट भरलेली ही बाई, तिला का कळणार नाही? ते विचारत होते, तेरियरेना? "आणि माझ्या तोंडातून काय निघालं, नलिनी? तेरियल्ले. सवयीनं गं! ते हसले. मज वाटलं, आता बरे होऊन घरास येतील." सकाळी ते गेले.

हे सांगून ती उठली. माझा हात धरून तिनं मला दारापाशी नेलं, मुक्कालीच्या समोर खाली बसवलं. "तो शेवटचा शब्द मज सांगायचाय त्यांस," ती म्हणाली. "रोज सांगाया जातें, पण एकटीस येत नाही. समोर ओठ हालल्याबिगर माझ्या तोंडास शब्द येत नाही गं. तू नुसते ओठ हालव." मी रिकाम्या मुक्कालीकडे बघितलं. तशीच, जशी सेटवर बघायची. ती माझ्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली, नजर माझ्या तोंडावर. मला नीट जमेल की नाही याचीच भीती वाटत होती. मी ओठ हलवले.

"तेरियरींग," ती म्हणाली. बरोबर माझ्या ओठांवर, जराही मागेपुढे नाही. माझं काम संपलं होतं, मी तोंड मिटून घेतलं. पण तिची नजर आता माझ्यावर नव्हती, मुक्कालीवर होती.

"नल्ला तेरियरींग," ती पुन्हा म्हणाली. छान दिसताय. हे कुणी लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला माझे ओठही लागले नाहीत.