गूजच्या चरबीची बरणी

एडना ॲशवर्थला खोटं बोलता येत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. शाळा सुटली तशी ती कापडगिरणीत मागावर उभी राहिली. मागांच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडच्या गिरणीबाया आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचीचे ओठ वाचतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाची सासू कशी खाष्ट, सगळं ओठांवर. अशा बाईचा चेहराच तिची जीभ होऊन बसतो. एडनाच्या मनात काही आलं की ते आधी तोंडावर उमटायचं, मग तिला स्वतःला कळायचं. त्यामुळे ती आयुष्यात खोटं एकदाच बोलली, तेही नवऱ्याकडे पाठ करून.

नवरा सेथ. डोंगरावरच्या दगडखाणीत उमर घालवलेला आणि खाणीतली धूळ छातीत घेऊन घरी बसलेला माणूस. जिना चढवेना, तेव्हा त्याचा पलंग खाली स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणला, परसाकडच्या खिडकीला लावून. मूलबाळ नव्हतं. हात थोडे चालत होते तेव्हा त्यानं एक खांब रोवून त्यावर खाणीतल्या फरशीचा तुकडा बसवला आणि पाखरांसाठी टेबल केलं. मग तेच त्याचं जग झालं. माणूस तसा तिरसट. शेजारच्या मांजराला तो अशा शिव्या घालायचा की खाणीतल्या मुकादमाला कधी घातल्या नसतील. आणि शेजारणीच्या, बर्थाच्या टेबलावर आपल्यापेक्षा जास्त पाखरं उतरली की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

“काय घालते गं ती त्यांना?” तो विचारायचा.

“पावाचे तुकडे. तू घालतोस तेच.”

“खोटं. काहीतरी गुपचूप घालत असणार. लबाड आहे ती.”

तांबड्या छातीचा तो रॉबिन पक्षी तर रोजचाच होता, खिडकीच्या उंबऱ्यावर येऊन काचेवर टकटक करण्याइतका धीट. पण सेथचा जीव होता लांब शेपटीच्या त्या चिमुकल्या पाखरांवर. अंग लिंबाएवढं आणि त्याला मागे लांबलचक दांडा, म्हणून सेथ त्यांना पळ्या म्हणायचा. पळ्या कधी एकट्या यायच्या नाहीत. अख्खं कुटुंब एकदम यायचं, एक मागं राहिली तर बाकीच्या तिला हाका मारत बसायच्या. थंडीत संध्याकाळी परसामागच्या काटेरी कुंपणात एकाच फांदीवर त्या ओळीनं बसत, एकमेकींना घट्ट चिकटून, जणू दोऱ्यात ओवलेल्या. सेथ खिडकीतून बघत राहायचा.

“बघ एडना, कडेची थंडीनं काकडली की मध्ये घुसते. कडेला एकच एक कुणी राहत नाही,” तो म्हणायचा. तो गेल्यावर आपण एकट्या उरणार, याबद्दल तो बोलतोय, हे एडनाला कळायचं. ती शेगडीत कोळसे सारायची.

एकोणीसशे बासष्ट-त्रेसष्टचा तो हिवाळा आमच्यातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि मार्चपर्यंत जमीन दिसली नाही. घराघरातले नळ गोठले, दारातलं दूध बाटलीत गोठून बुचासकट वर आलं, आणि कुंपणाखाली रोज मेलेली पाखरं सापडू लागली.

नाताळला एडनानं नेहमीसारखं गूज भाजलं होतं. बदकाचा थोराड चुलतभाऊच तो, अंगभर चरबी. भाजताना ताटात उतरलेली ती चरबी आमच्याकडे कुणी टाकत नाही. मातीच्या बरणीत भरून ठेवतात आणि हिवाळाभर खोकलेकऱ्याच्या छातीला चोळतात, वर तपकिरी कागद बांधतात. एडनाची आई करायची, आजी करायची. सेथची छाती तर गेली कित्येक वर्षं त्या बरणीवरच चालली होती. ओव्हरकोटातल्या डॉक्टरवर त्याचा तेवढा विश्वास नव्हता.

एका संध्याकाळी एडना बरणी घेऊन पलंगाशी बसली, तर त्यानं शर्टाची बटणं काढायचंच नाकारलं.

“माझ्या कुठं चोळतेस? ही छाती गेली कामातून. त्या बिचाऱ्यांना घाल.”

“कुणाला?”

“पळ्यांना गं. एवढ्याशा अंगात ऊब कुठली राहणार? चरबी पोटात गेली तर तग धरतील.”

“अरे, मग तुझ्या खोकल्याचं काय?”

“माझा खोकला माझ्याइतकाच म्हातारा आहे, तो कुठं जात नाही. घाल म्हणतो ना! आणि हे बघ, थिजलेली नको टाकू. त्यांच्या चोची केवढ्याशा. कोमट करून पातळ ओत.”

एडनानं ऐकलं. सकाळी शेगडीवर चरबी पातळ करून, पावाच्या चुऱ्यात कालवून, वर आणखी थोडी ओतून तिनं फरशी भरली. पळ्या आल्या त्या तुटून पडल्या. त्यातच उतरल्या, त्यातच एकमेकींना ढकलत फडफडल्या. सेथ उशीवर कोपर टेकून उठून बसला होता आणि धाप लागेपर्यंत हसत होता. लग्नाच्या दिवसानंतर एडनानं त्याला एवढं खुश बघितलं नव्हतं. ओतताना थोडी ऊन चरबी तिच्याही बाहीवर सांडली होती आणि बाही अंगाला चिकटून गार पडली होती. ती तिनं धुतली आणि विसरून गेली.

तीन-चार दिवस हे चाललं. मग एका सकाळी पळ्या आल्या नाहीत.

सेथ जागा व्हायच्या आत शेगडीची राख टाकायला एडना परसात गेली, तेव्हा त्या तिला दिसल्या. कुंपणात, त्यांच्याच फांदीवर, ओळीनं, एकमेकींना चिकटून बसलेल्या. तिला आधी वाटलं अजून झोपल्यात. तिनं फांदी हलवली. एकही उडाली नाही. तिनं कडेची हातात घेतली तर ती दगडासारखी होती, आणि छातीवरची पिसं, जी एरवी कापसासारखी फुगलेली असायची, ती तेलकट होऊन अंगाला चिकटली होती. खालची कातडी दिसत होती. एडनाची बोटं ओशट झाली. तिनं ती नाकाशी नेली. गूजचा वास होता, आणि त्याच्या पोटात भरलेल्या सारणातल्या सेज नावाच्या सुवासिक पाल्याचा. तिच्याच स्वयंपाकघराचा वास होता तो. मग तिला बाही आठवली. पिसं चिकटली की ऊब धरत नाहीत, एवढं कळायला शाळा लागत नाही. पण कळायचं ते आधी कळलं नव्हतं.

जमीन लोखंडासारखी गोठलेली, खणणार कशी? तिनं एकेक काढून ॲप्रनमध्ये घेतली आणि कुंपणाच्या मुळाशी बर्फ सारून एकीला एक लावून ठेवली, वर बर्फ ओढलं. तेवढ्यात बर्था भिंतीपलीकडून दिसली. बर्थाही गिरणीतलीच. एडनानं ओठ हलवले, आवाज न काढता: पळ्या मेल्या. माझ्या चरबीनं. त्याला सांगू नकोस.

बर्थानं हात तोंडावर ठेवला, मग मान डोलावली.

ती घरात शिरली तोवर सेथ जागा होऊन रिकाम्या टेबलाकडे बघत होता. “आज कुठं गेल्या गं?”

एडना शेगडीपुढे वाकली आणि निखारे उकरायला लागली. तोंड भिंतीकडे. “बर्थाकडे. तिच्या टेबलावर आहेत.”

त्याच्याकडे वळली असती तर त्यानं ओळखलं असतं, हे तिला माहीत होतं. बराच वेळ ती निखारेच उकरत राहिली.

खोट्याला आधार लागतो. एडनानं भिंतीवरून बर्थाला काय बोलायचं ते सांगितलं, आणि बर्था तर आधार द्यायला टपूनच होती. भलेपणाचं कामही मापात करावं, हे त्या बाईला कधी जमलं नाही. दुपारी ती केक घेऊन आली आणि पलंगाशी बसून सुरूच झाली.

“अहो सेथ, काय सांगू, तुमच्या त्या शेपटीवाल्या! नुसता धिंगाणा माझ्या टेबलावर! हटत म्हणून नाहीत!”

“काय घालतेस त्यांना?”

“मी? काही नाही बाई. आवडलं असेल माझ्याकडे,” बर्था म्हणाली आणि हसली. एडनानं तिच्याकडे असं बघितलं की बर्थाचा केक हातातच राहिला. पण व्हायचं ते झालं होतं. सेथचा चेहरा उतरला होता. गेल्या त्या गेल्या, पण बर्थाकडे?

दुसऱ्या दिवसापासून त्यानं चरबीचा धोशा लावला. “अजून घाल. चरबी होती तोवर आल्या, बंद केलीस तर गेल्या. एवढी काय कंजुषी करतेस?”

“संपत आलीय. तुझ्या छातीला हवी.”

“छातीचं नाव काढू नकोस!”

सांगून टाकावं, असं एडनाच्या रोज ओठांवर यायचं. तुझ्याच हट्टानं मेल्या, असं सांगायचं? की माझ्या हातानं मेल्या, असं? कसंही सांगितलं तरी तो उशीवर पडून दिवसभर ती रिकामी फांदी बघणार होता. त्याचे थोडेच दिवस राहिलेत, ते तरी सुखात जाऊ देत, असं ती स्वतःला समजवायची. हे तिचं म्हणणं मला पटतही नाही आणि तिला दोष द्यायलाही जीभ उचलत नाही.

मग एका सकाळी ती कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर बादली घेऊन गेली. रांग मोठी होती. परत आली तर स्वयंपाकघरात बर्फाचा वारा घोंघावत होता. खिडकी सताड उघडी. सेथ नुसत्या शर्टावर पलंगात गुडघे टेकून बसला होता, ओठ निळे पडलेले, मांडीवर बरणी. बरणी त्यानं शेगडीच्या कडेला ठेवून कोमट केली होती. खिडकीचा उंबरा चरबीनं माखला होता आणि रॉबिन त्यात उभा राहून चोच मारत होता.

“बघ!” सेथ धापा टाकत म्हणाला. “बर्थाला म्हणावं, ये म्हणावं आता इकडं. पळ्या पण येतील. बघशील तू!”

एडनानं बादली टाकली. रॉबिन उडाला. तिनं हातातल्या फडक्यानं उंबरा घासायला सुरुवात केली.

“अगं काय करतेस? वेड लागलं का? सोड ते!”

ती घासत राहिली.  खिडकी लावून तिनं त्याला रजईत गुंडाळलं, आणि तो बराच वेळ तिला शिव्या घालत राहिला.

रात्रीत त्याला ताप चढला. सकाळी उजाडलं तेव्हा रॉबिन उंबऱ्यावर आलेला होता. त्यानं टकटक केली नाही. काचेला टेकून, अंग चोरून बसला होता, आणि त्याची ती तांबडी छाती ओल्या चिंधीसारखी अंगाला चिकटली होती. सेथ त्याच्याकडे बघत राहिला. एडनानं पडदा ओढायला हात नेला, तर तो म्हणाला, “राहू दे.” दुपार व्हायच्या आत रॉबिन कलंडला. सेथ काचेतून त्याच्या छातीकडे बघत होता, मग तो बरणीकडे बघू लागला, मग फांदीकडे.

 संध्याकाळी एडनानं सवयीनं बरणी घेतली, त्याच्या शर्टाचं बटण काढलं, तेव्हा त्यानं तिचा हात बाजूला केला. “ती नको.” नंतरही त्यानं ती कधी लावू दिली नाही.

मग फुप्फुसं भरत गेली. बोलायला श्वास पुरेना. डॉक्टर आला, त्याला तपासलं आणि टोपी हातात घेऊन दारापाशी क्षणभर उभा राहून गेला. एडना पलंगाशी बसून होती. सेथनं डोळे उघडले आणि त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता. तो कधी गिरणीत गेला नव्हता, पण त्याच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं, आणि आपली बायको काय वाचू शकते हे त्याला ठाऊक होतं.

पळ्या कुठं आहेत?

या वेळी पाठ करायला जागा नव्हती. एडनानंही आवाज न काढता उत्तर दिलं. कुंपणाखाली. बर्फात.

 पुन्हा ओठ हलले.

ओळीनं?

एडनानं मान डोलावली. ओळीनं, सेथ. चिकटून ठेवल्यात.